पाळकांना मान द्यायचा म्हणजे नेमकं काय?

चर्चच्या मंडळीत नवे आहात, म्हणून सांगते. पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. उपासनेनंतर दारात हात मिळवताना ‘संदेश छान झाला’ असं सगळेच म्हणतात. तुम्ही बुधवार-गुरुवारी पाळकांना दोन ओळी पाठवा: कुठलं वचन मनात राहिलं, घरात कशाला उपयोगी पडलं. तेव्हाच त्यांना अशा शब्दांची खरी गरज असते. बायबलमधल्या १ तीमथ्य या पत्रात ५:१७ मधला दुप्पट सन्मान पुढच्याच वचनात मजुरीशी जोडलाय. तेव्हा मानधन वेळेवर जातंय ना, हे आधी विचारा. (हारतुरे नंतर!) सुट्टीच्या दिवशी फोन नको, आणि त्यांच्या पत्नीला फुकटात कामाला जुंपू नका. पाळकांविरुद्ध कुणी कुजबुजलं, तर १९वं वचन दाखवा: दोघातिघा साक्षीदारांशिवाय आरोप ऐकायचा नाही. मात्र दोष खरा निघाला तर दडपायचाही नाही. २०वं वचन त्यासाठीच आहे.