हिवाळ्यात रोज निवांत बसून प्यायला घरच्या घरी चहाचं मिश्रण कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की सगळं साहित्य मिक्सरमधून काढून एकाच बरणीत भरायचं, म्हणजे रोज एक चमचा टाकला की झालं. कृपा करून हे करू नका. याच मुद्द्यावरून माझ्या थोरल्या बहिणीशी माझं कित्येक हिवाळे वाजतंय, म्हणून लिहायला बसले.

ताईचं म्हणणं तुमच्यासारखंच: पूड केली की वेळ वाचतो. एकदा ती थंडीत राहायला आली होती. मी दोन बरण्या भरून ठेवल्या होत्या. एकीत दालचिनीचे तुकडे, ठेचलेली सुंठ, लवंगा आणि अख्खी वेलची. दुसरीत चहापत्ती, वाळवलेली संत्र्याची साल, तुळस आणि गुलाबाच्या पाकळ्या. मी बाहेर गेले तेवढ्यात तिने प्रेमाने दोन्ही बरण्या मिक्सरमध्ये रिकाम्या केल्या. आले तर तपकिरी भुकटीची एकच बरणी ओट्यावर, आणि "आता बघ, दोन मिनिटांत चहा!"

पहिले काही दिवस वास छान आला, हे मी मान्य करते. पण मसाल्याचा सुगंध म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल. अख्ख्या लवंगेत, सालीसकट वेलचीत ते बरंच टिकतं. कुटलं की हवेला उघडं पडतं. अख्खा मसाला वर्षभर टिकतो, पूड काही महिन्यांतच फिकी होते. शिवाय बारीक भुकटी तळाशी बसते आणि पाकळ्या-पानांचा चुरा वर राहतो, त्यामुळे बरणीतला पहिला चहा मिळमिळीत आणि शेवटचा घसा जाळणारा. गाळणीतून उतरलेला गाळ कपाच्या तळाशी साचतो तो वेगळाच.

आणि मुख्य अडचण अशी की या सगळ्यांना एकसारखी उकळी चालतच नाही. दालचिनी म्हणजे झाडाची साल आणि सुंठ म्हणजे मूळ, दोन्ही कडक असतात. दालचिनी-सुंठीला मंद आचेवर आठ-दहा मिनिटं द्यावीच लागतात. फुलं-पानं तेवढी उकळली तर त्यांचा वास वाफेबरोबर जातो, आणि चहापत्ती कडवट होते. म्हणून आधी पहिल्या बरणीतलं उकळायचं, गॅस बंद करायचा, मग दुसरीतलं टाकून तीन-चार मिनिटं झाकण ठेवायचं. झाकण विसरू नका. उचलाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब हुंगून बघा, अर्धा सुगंध तिथे असतो. ते थेंब परत पातेल्यातच पाडायचे.

प्रमाण ज्याच्या त्याच्या जिभेवर आहे. सुरुवातीला दालचिनी दोन भाग, सुंठ एक, वेलची एक, लवंग अर्धा भाग असं धरा. सुंठ जपून घाला. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल हे दुसरं द्रव्य होतं आणि ते जास्त तिखट असतं. संत्र्याची साल मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर ओल आहे, बरणीला बुरशी येईल.

निवांतपणाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी मेणबत्त्या, खास कप, ध्यानाचं अॅप यातलं काही लागत नाही. ती आठ-दहा मिनिटं हाच तो निवांतपणा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, वेलची तिथल्या तिथे खलबत्त्यात फोडायची आणि पाण्याचा रंग चढताना बघायचा. ताईला हे मी तेव्हाही सांगितलं होतं: वेळच वाचवायचा असता तर मी तयार पिशवी बुडवली असती. ज्या कामासाठी आपण मुद्दाम वेळ काढतो, त्यातलाच वेळ कापायचा म्हणजे काय? ती म्हणते, नोकरी आणि मुलं सांभाळून हे सगळं कुणाला जमतं. मला वाटतं, तिला या दहा मिनिटांची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

दोन-चार गोष्टी राहिल्या. संध्याकाळी उशिरा पिणार असाल तर चहापत्ती वगळा, झोप उडते. जास्वंद घातलीत तर दूध घालू नका, फाटतं. बाजारात दालचिनी म्हणून बरेचदा कॅशिया ही तिची दुसरी जात मिळते. तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते रोज भरपूर पोटात जाणं यकृताला बरं नाही, म्हणून रोजच्यासाठी सिलोन दालचिनी घ्या. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्येष्ठमधाने गोडवा येतो, पण त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम घटतं. ताई एरवी स्वतः करते त्या पुडीत ते असतं आणि भुकटीत ते दिसत नाही. आमच्या घरात रक्तदाबाची गोळी घेणारं माणूस आहे. अख्ख्या मसाल्यातून मी ती काडी उचलून बाजूला काढू शकते, पुडीतून नाही.