तीच ओळ चौथ्यांदा

बाळ,

अभ्यासिकेत दहा तास बसतोस आणि दुपारी दोननंतर तीच ओळ चौथ्यांदा वाचतोस, असं लिहिलंस. मग ते दहा तास खुर्चीचे, तुझे नव्हेत. माझंही हेच व्हायचं. राज्यसेवेच्या पहिल्या दोन प्रयत्नांत मी सदाशिव पेठेतल्या खोलीतून मेसपुरताच बाहेर पडायचो. पीएसआयची तयारी करणारे मित्र मैदानी चाचणीसाठी पळायचे, तर आम्ही त्यांना हसायचो.

'रोज पळ, मेंदू तल्लख होईल' असं मात्र मी सांगणार नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २० ते ६७ वयाच्या, दमसास कमी असलेल्या १३२ जणांवर सहा महिने प्रयोग केला. निष्कर्ष २०१९मध्ये आले. एका गटाला दम लागेल असा व्यायाम, दुसऱ्याला नुसतं अंग ताणणं. पहिल्या गटात मनाला आवरण्याची आणि आखणी करण्याची क्षमता सुधारली. पण वय जास्त तितका फायदा जास्त. 'लक्ष' म्हणून वेगळं मोजलं, त्यात फरक दिसला नाही. विशीत मेंदू मुळातच भरात असतो, वाढायला जागा कमी, असं मला वाटतं.

मग मी तुला पर्वतीची टेकडी चढायला कशाला सांगतोय? त्याच दिवसासाठी. वीस-तीस मिनिटं झपाझप चाललं की मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन या रसायनांची हालचाल वाढते असं मानतात, आणि पुढे थोडा वेळ नको त्या गोष्टी बाजूला सारणं जरा सोपं जातं. निळ्या शाईत 'लाल' लिहून शाईचा रंग विचारतात ना, तसल्या चाचण्यांत हे दिसतं. फरक लहान असतो. पण दुपारी चार वाजता लहान फरकही पुरतो.

म्हणून चारला ऊठ, मोबाईल खोलीवर ठेव. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, वर पाच मिनिटं, खाली, पुन्हा एकदा. दमून गळून जाशील इतकं नको. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास धरलास तर जागतिक आरोग्य संघटनेची किमान १५० मिनिटं आपोआप भरतात. पहाटे धावायला जाण्यासाठी झोप मात्र मोडू नकोस, नाहीतर सगळंच मुसळ केरात.

अर्थशास्त्र टाळतोस ना? खाली उतरलास की तेच पुस्तक उघड. आणि पावसात चपला घालून जाऊ नकोस, पायऱ्या निसरड्या होतात.

तुझा,
सर