पीआरपीचं पॅकेज, अर्धवट उपचार आणि कर्जाचे हप्ते

प्रश्न : मी सांगलीत राहते. बाळ पाच महिन्यांचं असताना केस फार गळायला लागले, म्हणून पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये पीआरपी या टाळूत इंजेक्शन देण्याच्या उपचाराच्या आठ सेशन्सचं ७२ हजारांचं पॅकेज घेतलं. पैसे त्यांनीच फायनान्स कंपनीचं कर्ज करून भरायला लावले. डॉक्टर पहिल्या दिवशी पाच मिनिटं भेटले; इंजेक्शनं दोन्ही वेळा तिथल्या मुलीने दिली. दुसऱ्या सेशननंतर डोक्यात पू झालेले फोड आले. आता 'पैसे परत मिळणार नाहीत, पावतीवर लिहिलंय' म्हणतात. हप्ते बंद करू का? तक्रार करता येईल का?

उत्तर : ताई, या महिन्याचा हप्ता भरा. कर्जाचा करार तुमचा आणि फायनान्स कंपनीचा आहे. भरणं थांबवलंत तर सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुणांक) तुमचं बिघडेल, क्लिनिकचं काहीच जाणार नाही. मात्र आजच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, सगळी हकीकत लिहा आणि सहा सेशन्स मिळालेली नाहीत हे ठळकपणे सांगा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

तक्रार नक्की करता येईल. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. पण 'केस आले नाहीत' या मुद्द्यावर तक्रार उभी करू नका, तिथे तुम्ही हराल. पीआरपीत आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचतात. त्याचा गुण माणसागणिक वेगळा, आणि गुण आला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं न्यायालय धरत नाही.

तुमची खरी बाजू त्या पाच मिनिटांत आहे. बाळंतपणानंतरची केसगळती बहुतेक बायकांची वर्षभरात आपोआप थांबते. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? समीरा कोहली या रुग्णाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, की उपचाराचं स्वरूप, त्यातले धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढं सांगितल्यावरच रुग्णाची संमती खरी ठरते. टॅबवर बोटाने नुसती सही घेतली असेल, तर ती अशी संमती नव्हे. पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला थांबून बघायचा पर्याय न सांगता आठ सेशन्स विकणं, हे मला फार गंभीर वाटतं. त्यात सुई कुणी टोचली, तिची नोंदणी कोणती, हा प्रश्न आहेच. ती मुलगी नोंदणीकृत डॉक्टर नसेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्या डॉक्टरांविरुद्ध वेगळी तक्रार द्या.

हे सिद्ध करायला कागद लागतील. केस पेपर, संमतिपत्र, आधी केलेल्या रक्ततपासणीचे रिपोर्ट आणि इंजेक्शन देणाऱ्या व्यक्तीचं नाव, असं सगळं स्पीड पोस्टाने आणि ईमेलने मागा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दिल्या नाहीत तर तो नकारही आपल्याच कामाचा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं फोनमधून पुसू नका. ते पुरावा म्हणून दाखल करताना त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

पावतीवरच्या त्या ओळीला घाबरू नका. सदोष सेवेचे पैसे परत नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीत हाच शब्द वापरा. 'अन्याय्य करार' म्हणून ती अट रद्द करून मागायला गेलात, तर जिल्हा ग्राहक आयोगाऐवजी राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, आणि एवढ्या रकमेसाठी त्याची गरज नाही.

पुण्याला खेपा घालायचीही गरज नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. क्लिनिक आणि डॉक्टरांबरोबर फायनान्स कंपनीलाही पक्षकार करा आणि निकाल लागेपर्यंत हप्त्यांना स्थगिती देणारा अंतरिम आदेश मागा. तो मिळाला की हप्ता थांबवा, आधी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण आधी क्लिनिकला १५ दिवसांची नोटीस पाठवून मोकळ्या व्हा.

आणि फोड अजून असतील तर उद्याच सांगलीच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभागात दाखवा. पीआरपीची तारीख डॉक्टरांना केस पेपरवर लिहायला सांगा, आणि जाण्याआधी टाळूचे फोटो उजेडात काढून ठेवा.