उन्हाळ्यात गरम चहा प्यायल्याने शरीर खरंच थंड होतं का?

होतं, पण हवा कोरडी असेल तरच.

आधी थंड पाण्याचा हिशेब पाहू. १० अंशांचं अर्धा लिटर पाणी ३७ अंशांपर्यंत तापायला शरीराची साधारण साडेतेरा किलोकॅलरी उष्णता घेतं. ७० किलोच्या माणसाचं तापमान त्यानं जेमतेम पाव अंश उतरेल, तेही थोडा वेळच. याउलट १०० मिली घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे ५८ किलोकॅलरी घेऊन जातो! म्हणजे आपला खरा कूलर घामच.

गरम चहा पोटात गेला की तिथल्या संवेदकांमुळे घाम वाढतो. चहानं दिलेली उष्णता थोडी असते, वाळणारा घाम त्याहून जास्त नेतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओटावा विद्यापीठाच्या प्रयोगात सायकल चालवणाऱ्यांना ५० अंशांचं पाणी दिलं, तेव्हा त्यांच्या शरीरात उष्णता कमी साठली. मात्र तिथे घाम नीट वाळत होता.

म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात चहा चालून जाईल. मुंबईत किंवा रत्नागिरीत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. तिथे थंड पाणी, ताकच बरं. आणि कुठेही असा, घाम तयार व्हायला पाणी लागतं, त्यामुळे थंड की गरम यापेक्षा पुरेसं पिणं जास्त महत्त्वाचं.

एक कळकळीची विनंती: ऊन लागून कुणी बेशुद्ध पडलं तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन करा.