वाचकांचे प्रश्न : पुश बटण कोणते घ्यावे आणि कसे जोडावे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पुश बटणांविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बटण हा प्रकल्पातील सर्वांत स्वस्त भाग असल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते आणि बिघाड मात्र प्रोग्रामात किंवा बोर्डात शोधला जातो. म्हणून उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : मी पदविकेचा विद्यार्थी आहे. चार पायांचे लहान काळे बटण ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडण्याच्या छिद्रांच्या पाटीवर) बसवून आर्डुइनो ऊनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडले आहे. कधी ते न दाबताच दाबल्यासारखे दिसते, कधी कायमच दाबलेले दिसते आणि नीट चालते तेव्हा एकदा दाबल्यावर मोजणी तीन-चारने वाढते. बटण खराब आहे का? (कराड)

उत्तर : बटण बहुधा चांगलेच आहे. आपण सांगितलेल्या तीन तक्रारींची तीन स्वतंत्र कारणे आहेत, त्यामुळे ती एकेक करून तपासावीत.

‘कायमच दाबलेले’ दिसण्याचे कारण बटणाच्या पायांत आहे. ६ × ६ मिलिमीटरच्या या टॅक्ट स्विचला चार पाय असले तरी विजेच्या दृष्टीने टोके दोनच असतात. समोरासमोरच्या बाजूंनी बाहेर आलेले, एकमेकांच्या थेट समोरचे दोन पाय आतून कायम जोडलेले असतात. एकाच बाजूचे शेजारी-शेजारी असलेले दोन पाय मात्र बटण दाबल्यावरच जोडले जातात. बटण काटकोनात फिरवून बसवले किंवा दोन्ही वायरी समोरासमोरच्या जोडीवर लावल्या, तर बोर्डाला ते नेहमीच दाबलेले दिसणार. यावरचा सोपा उपाय म्हणजे वायरी कर्णरेषेतल्या दोन पायांना लावणे, कारण कर्णातले पाय कधीही एकाच जोडीचे नसतात. ब्रेडबोर्डवर बटण मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाय राहतील असे बसवावे आणि वीज देण्यापूर्वी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून पाहावे. सोडलेल्या बटणावर बीप वाजली, तर जोडी चुकली आहे.

‘न दाबताच दाबल्यासारखे’ दिसते, याचे कारण इनपुट पिन मोकळी आहे. बटण सुटलेले असताना ती पिन ना ५ व्होल्टला जोडलेली असते ना ग्राउंडला (शून्य व्होल्टला), आणि अशी मोकळी पिन भिंतीतल्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण आणि आपल्या बोटाचा स्पर्शसुद्धा सिग्नल म्हणून घेते. म्हणून पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा पुलअप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा) रेझिस्टर लावावा आणि बटण पिन व ग्राउंड यांच्यामध्ये जोडावे. ऊनोच्या चिपमध्ये २० ते ५० किलोओहमचा पुलअप आधीच असतो आणि तो प्रोग्राममधून चालू करता येतो. अशा जोडणीत बटण सुटलेले असताना पिन ‘एक’ वाचते आणि दाबल्यावर ‘शून्य’ वाचते. हा उलटेपणा प्रोग्राम लिहिताना लक्षात ठेवावा लागतो. आपण पुढे ईएसपी ३२ हा ३.३ व्होल्टवर चालणारा बोर्ड वापरणार असाल, तर त्याच्या ३४ ते ३९ क्रमांकांच्या पिनांना आतला पुलअप नाही. तेथे बाहेरचा रेझिस्टर लावावाच लागतो, आणि तोही ५ नव्हे तर ३.३ व्होल्टला.

मोजणी वाढण्याचे कारण सर्वांत मनोरंजक आहे. बटणाच्या आत पातळ धातूची घुमटाकार चकती असते. ती खालच्या संपर्कावर आदळते तेव्हा एकदाच टेकून थांबत नाही. काही मिलिसेकंद ती टेकते आणि सुटते, पुन्हा टेकते. आपल्या बोटाला हे जाणवत नाही, पण १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपला त्यातला प्रत्येक उडता स्पर्श स्वतंत्र दाब वाटतो. उपाय प्रोग्राममध्ये करावा : स्थितीत बदल दिसला की वेळ नोंदवावी आणि पुढचे २० ते ५० मिलिसेकंद दिसणारे बदल सोडून द्यावेत. त्यासाठी ‘डिले’ वापरून सगळा प्रोग्राम थांबवण्यापेक्षा ‘मिलिस’ने वेळ मोजणे चांगले. कपॅसिटरनेही हे साधते, पण तेथे गणित करून पाहावे. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांचा कालस्थिरांक (कपॅसिटर भरण्याचा वेग ठरवणारा वेळ) १ मिलिसेकंद येतो आणि तो अनेकदा अपुरा पडतो. १ मायक्रोफॅरड घेतल्यास तो १० मिलिसेकंद होतो. भरलेला कपॅसिटर बटणाच्या संपर्कातून एकदम रिकामा होऊ नये, म्हणून बटणाला ओळीने (सिरीजमध्ये) १०० ते ३३० ओहमचा रेझिस्टर द्यावा.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान फवारणी पंप तयार केला. पंप सुमारे ५ अँपिअर घेतो. ‘२५० व्होल्ट, ३ अँपिअर’ असे छापलेले लाल पुश बटण थेट लावले होते. व्होल्टेज तर फक्त १२ आहे. तरी आठवडाभरातच बटण सोडल्यावरही पंप चालू राहू लागला. (तासगाव)

उत्तर : ते बटण उघडून पाहावे. आतल्या पितळी पट्टीचे टोक काळेनिळे पडलेले दिसेल, त्यावर लहान खड्डा असेल आणि समोरच्या टोकावर वितळलेल्या धातूचा मणी चिकटलेला असेल. दोन्ही संपर्क एकमेकांना डकले आहेत.

बटणावर छापलेले २५० व्होल्ट हे बहुतेक वेळा एसीसाठीचे, म्हणजे घरातल्या दिशा बदलणाऱ्या प्रवाहासाठीचे असतात. एसीचा प्रवाह ५० हर्ट्झवर दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीमध्ये असा शून्याचा क्षण येतच नाही आणि ठिणगी संपर्क बरेच दूर जाईपर्यंत टिकून राहते. त्यात मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह खेचते आणि बंद होताना तिची गुंडाळी उलटा व्होल्टेज झटका देते. म्हणजे ३ अँपिअरच्या बटणावर ५ अँपिअरचा भार तर होताच. शिवाय तो त्या बटणासाठी सर्वांत वाईट प्रकारचा भार होता.

अशा ठिकाणी बटणाने पंप चालवू नये, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) चालवावा. मोटारगाडीत वापरतात तो १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा रिले सहज मिळतो आणि त्याच्या टोकांवर क्रमांक असतात. बॅटरीच्या धन टोकापासून १० अँपिअरचा फ्यूज घेऊन ३० क्रमांकाला जोडावे, ८७ वरून पंपाला न्यावे. ८६ ला बटणामार्फत धन द्यावे आणि ८५ ऋणाला जोडावे. ८५ व ८६ (रिलेच्या कॉइलची टोके) यांच्यामध्ये आणि पंपाच्या दोन टोकांमध्येही एकेक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), पांढऱ्या पट्टीची बाजू धनाकडे ठेवून, लावावा. कॉइलसाठी १एन४००७ पुरतो. पंपासाठी ५ अँपिअर किंवा अधिक क्षमतेचा घ्यावा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, पंपाजवळ नव्हे, कारण घासलेली वायर मधेच कोठेही धातूच्या सांगाड्याला लागू शकते.

एक गोष्ट विसरू नये. या रिलेची कॉइल साधारण १५० मिलिअँपिअर घेते, तर वर वर्णन केलेल्या टॅक्ट स्विचची क्षमता सामान्यतः १२ व्होल्ट डीसीला ५० मिलिअँपिअर एवढीच असते. म्हणून येथे डीसी क्षमता स्पष्ट दिलेले, निदान १ अँपिअरचे बटण घ्यावे.

प्रश्न : विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरच्या स्टार्टरला घराकडून चालू-बंद करण्याची सोय करायची आहे. दोन्ही बटणे ‘दाबल्यावर जुळणारी’ घेऊन बंद करण्याचे काम कंट्रोलर व रिले मॉड्यूलकडून करून घेतले तर चालेल का? (इस्लामपूर)

उत्तर : नाही. चालू करण्याचे बटण दाबल्यावर जुळणारे म्हणजे एनओ असावे आणि बंद करण्याचे बटण दाबल्यावर तुटणारे म्हणजे एनसी असावे. ते स्टार्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये ओळीनेच असले पाहिजे. उंदराने वायर कुरतडली किंवा नांगराने तोडली, तर एनसीच्या जोडणीत मोटर थांबते. आपण म्हणता तशा जोडणीत मात्र वायर तुटल्याचे कळतही नाही आणि ज्या क्षणी मोटर थांबवण्याची नितांत गरज असते, त्याच क्षणी बटण निकामी ठरते. कंट्रोलर अडकला तरी परिणाम तोच. येथे पॅनेलवर बसणारी २२ मिलिमीटरची बटणे घ्यावीत. त्यांच्या मागच्या ब्लॉकवर स्क्रूंचे क्रमांक असतात : शेवटचे अंक १ व २ असतील तर संपर्क एनसी आणि ३ व ४ असतील तर एनओ.

दूरनियंत्रणाचा रिले लावायचाच असेल, तर त्याचा एनओ संपर्क चालूच्या बटणाला समांतर आणि दुसऱ्या रिलेचा एनसी संपर्क बंदच्या बटणाला ओळीने येतो. पण बऱ्याच स्टार्टरांची कॉइल दोन फेजांमध्ये, म्हणजे सुमारे ४१५ व्होल्टवर असते आणि हौशी कामातल्या निळ्या रिलेची क्षमता २५० व्होल्ट एसीची असते. तो रिले तेथे थेट लावू नये. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर किंवा योग्य क्षमतेचा मधला रिले घालावा लागतो आणि हे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे.

रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, म्हणून अनेक जण चालूचे बटण खिळवून ठेवतात. वीज गेल्यावर स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल सुटते ती माणसाचा जीव वाचवण्यासाठी. वीज गेलेली असताना कोणी विहिरीत उतरून पंपाचे काम करत असू शकते, हे मी कळकळीने सांगू इच्छितो.

प्रश्न : शाळेतील प्रश्नमंजूषेसाठी सहा गटांची बटणे केली आहेत. घराच्या घंटीची बटणे आणि १० मीटर वायर वापरली. कधी दाबूनही लागत नाही, तर कधी शेजारच्या गटाचा दिवा लागतो. (सातारा)

उत्तर : घंटीचे बटण २३० व्होल्टसाठी केलेले असते. त्याच्या संपर्कांवर साचणारा ऑक्साइडचा पातळ थर तेथे त्या व्होल्टेजने सहज फुटतो. पण ५ व्होल्ट आणि आतल्या पुलअपमधून मिळणारा ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर प्रवाह त्या थराला भेदू शकत नाही. म्हणून दाबूनही लागत नाही. पुलअप १ किलोओहमचा केल्यास बटणातून ५ मिलिअँपिअर जातील आणि दोन्ही तक्रारी एकाच बदलाने कमी होतील, कारण शेजारच्या वायरीतून येणारा अवांछित सिग्नल एवढ्या घट्ट बांधलेल्या पिनला सहजासहजी हलवू शकत नाही. प्रत्येक गटासाठी सिग्नल आणि ग्राउंड अशी पिळलेली स्वतंत्र जोडी न्यावी, सर्वांना मिळून एकच ग्राउंड वायर नको. पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. प्रत्येक बटणासाठी ५० मिलिसेकंद थांबून खात्री करण्याऐवजी पहिला बदल लगेच नोंदवून बाकीच्या गटांना बंद करावे. प्रश्नमंजूषेत निकाल काही मिलिसेकंदांवर ठरू शकतो.

प्रश्न : हळदीच्या गोदामातील वजनदर्शकाची बटणे धुळीने वारंवार अडकतात. (सांगली)

उत्तर : आयपी ६५ किंवा आयपी ६७ दर्जाची बटणे घ्यावीत. पहिला ६ हा अंक धूळ अजिबात आत जात नाही असे सांगतो. त्यापुढचा ५ पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण दाखवतो, तर ७ हा १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवण्यापर्यंतचे. मात्र हा दर्जा अनेकदा बटणाच्या दर्शनी बाजूपुरताच असतो, म्हणून रबरी वॉशर पॅनेलच्या बाहेरच्या बाजूला बसवावा आणि डब्याची मागची बाजू व वायरीचे छिद्रही ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारे बूच) लावून बंद करावे. जुनी बटणे सोल्डर करून बदलताना फ्लक्स (सोल्डर नीट धरण्यासाठीचा चिकट पदार्थ) आत ओघळला, तरी बटण अडकते. पाय २-३ सेकंदांत सोल्डर करून हात काढून घ्यावा.