तुर्येच्या पत्राला उत्तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहाटे ध्यानाच्या बैठकीत तुझं शरीराचं भान गेलं, श्वास चाललाय की नाही कळेना, नुसता आनंद उरला. आणि खाली प्रश्न : ‘काका, हीच ना तुर्या, जागृती-स्वप्न-झोपेपलीकडची ती चौथी अवस्था?’

नाही रे. अनुभव खोटा होता असं मी म्हणत नाही. पण वीसेक मिनिटांनी तो ओसरला, हेही तूच लिहिलंयस. आला तेव्हा कळलं, गेला तेव्हाही कळलं. ज्याला कळलं, त्याच्याबद्दल मात्र पत्रात एक ओळ नाही.

मांडूक्य उपनिषद अवघं 12 मंत्रांचं. जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, या तीन अवस्था सांगून झाल्यावर सातव्या मंत्रात नकारांची रांग लागते : आत जाणणारं नव्हे, बाहेर जाणणारं नव्हे, दोन्हीकडे जाणणारंही नव्हे. आणि मग म्हटलंय ‘चतुर्थं मन्यन्ते’. चौथं ‘मानतात’. आधी तीन मोजली म्हणून हे चौथं, इतकंच. तिन्ही संपल्यावर लागणारं पुढचं स्टेशन नव्हे. तिन्हींत जे असतंच, ते. म्हणून मी तर म्हणेन, बैठकीपेक्षा झोपेकडे बघ. उठल्यावर आपण म्हणतो, ‘काय गाढ झोप लागली, काही कळलंच नाही!’ काही कळलं नाही, हे कुणाला कळलं? वेदान्त्यांनी या घरगुती वाक्यावर केवढा युक्तिवाद उभा केलाय.

तुझ्या आनंदाबद्दल, मांडूक्यावर कारिका लिहिणाऱ्या गौडपादांनी आधीच बजावून ठेवलंय : ‘नास्वादयेत् सुखं तत्र’. तिथलं सुख चाखत बसू नकोस. पुढच्यांनी याला रसास्वाद म्हटलं आणि समाधीच्या विघ्नांत धरलं. समर्थ तर याहून कडक. दासबोधाच्या पाचव्या दशकात ते तुर्येला सर्वसाक्षी अवस्था म्हणतात आणि लगेच तिलाही पदार्थज्ञानात, म्हणजे वस्तूंच्या जाणण्यात, ढकलतात. शब्द एकच, पण मांडूक्यातली तुर्या वेगळी आणि ही वेगळी. दोन्हींची खिचडी करू नकोस; मी केली होती, दोन वर्षं गेली.

पंचदशी या वेदान्तग्रंथातलं नाटकदीप हे दहावं प्रकरण वाच. नाट्यशाळेतला दिवा मालक, प्रेक्षक, नर्तकी सगळ्यांना सारखाच उजळतो आणि सगळे निघून गेले तरी तेवतो. मालक म्हणजे अहंकार, नर्तकी म्हणजे बुद्धी, आणि दिवा म्हणजे साक्षी, नुसता पाहणारा. मला हे पोथीत वाचण्याआधी दिसलं होतं. आमच्या गावी दशावतार पहाटेपर्यंत चाले. काल्याची हंडी फुटली, माणसं घोंगड्या झटकत उठली, संकासुर नळावर तोंड धुवायला गेला. मांडवात कुणी नाही, आणि बांबूला टांगलेली गॅसबत्ती सूं सूं करत रिकाम्या बाकड्यावर तेवढाच उजेड पाडतेय. तुझा पहाटेचा आनंद हेही त्या रात्रीचं एक सोंगच. देखणं, पण सोंग.

आता पत्रातलं मला खटकलेलं वाक्य. ‘बाबा चिडले तरी मी साक्षी राहतो, उत्तरच देत नाही.’ माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मीही असाच भिंतीला टेकून ‘साक्षी’ उभा असे. एके रात्री बहीण चादर बदलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘दादा, तू साक्षी-बिक्षी काही नाहीस. तू फक्त कामाला नसतोस.’ मी चादरीचं दुसरं टोक धरलं. अरे, दिवा नर्तकीचे पाय धरून ठेवत नाही. राग येतो, बोलणं होतं, रडणंही होतं. ते सगळं त्याच उजेडात. तू जे करतोयस तो अबोला आहे, त्याला उपनिषदाचं नाव देऊ नकोस.

तेव्हा आज बाबांना फोन कर आणि उत्तर दे, चिडून दिलंस तरी चालेल. दिवाळीत ये, मांडूक्य घेऊन बसू. माझी प्रत वाळवीने खाल्लीय, तुझी आण.

तुझा,
काका