निनोच्का नेमकी कशाला हसली?

प्रश्न : 'निनोच्का' हा जुना हॉलिवूडपट आम्ही घरी सगळ्यांनी पाहिला. मला फार आवडला. मुलगी मात्र म्हणते, हा भांडवलशाहीचा प्रचार आहे. रशियन बाईला टोपी आणि शॅम्पेन दाखवली आणि जिंकलं. तुमचं मत काय?

टोपीपुरता मुलीचा आक्षेप रास्त आहे. असली टोपी बायका डोक्यावर घालतात ती संस्कृती टिकायची कशी, असं विचारणारी निनोच्का, म्हणजे कामासाठी पॅरिसला आलेली कडक सोव्हिएत अधिकारी, पुढे तीच टोपी गुपचूप विकत घेते. प्रचारासाठी या चित्रपटाचा वापरही झाला. 1948च्या इटलीतल्या निवडणुकीच्या वेळी तो कम्युनिस्टांविरुद्ध मुद्दाम दाखवला गेला.

पण मुलीला पॅरिसची बाजू पुन्हा पाहायला सांगा. तिथली ग्रँड डचेस स्वाना, म्हणजे रशियातून परागंदा झालेली राजघराण्यातली बाई, स्वार्थी आहे आणि नायक लेऑन तिच्या पैशांवर जगतो. स्टेशनवर बॅग उचलायला आलेल्या हमालाला निनोच्का सांगते, हा सामाजिक अन्याय आहे. ते टिपवर अवलंबून आहे, असं तो म्हणतो. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच इथे दोघांचंही म्हणणं ऐकून घेतो.

निनोच्का मॉस्कोला परतल्यावरचा ऑम्लेटचा प्रसंग मला सगळ्यात जवळचा वाटतो. दाटीवाटीच्या खोलीत जुने सोबती आपापलं अंडं घेऊन येतात आणि सगळ्यांचं मिळून एक ऑम्लेट होतं. लेऑनचं पत्र येतं, पण सेन्सॉरने मायना आणि सही सोडून सगळा मजकूर काळा केलेला. त्या खोलीतल्या माणसांची थट्टा होत नाही, थट्टा होते ती काळ्या शाईची. आणि मॉस्कोतले सामूहिक खटले फार यशस्वी झाले, आता रशियन कमी असतील पण अधिक चांगले असतील, हे निनोच्काचं बोलणं ऐका. स्टालिनने विरोधकांना संपवण्यासाठी चालवलेले 1936 ते 1938चे ते खटले तेव्हा अगदी ताजे होते. हसता हसता घशात आवंढा येतो.

लुबिच बर्लिनचा. पटकथाकारांपैकी वॉल्टर राइश व्हिएन्नाचा, तर बिली वाइल्डर हिटलर सत्तेवर येताच बर्लिन सोडून निघालेला. चित्रपट 1939च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा युद्ध पेटलं होतं. दिवा विझला तर तो हवाई हल्ल्यामुळे नव्हे, असे पॅरिसचे दिवस सुरुवातीच्या पाटीवर आठवलेत. घर सुटलेल्या माणसांनी रंगवलेलं पॅरिस आहे ते.

प्रश्न : 'गार्बो हसते' अशी जाहिरात होती म्हणे. निनोच्काचं काम करणारी ग्रेटा गार्बो त्याआधी कधी हसलीच नव्हती का?

हसली होती. 1933च्या 'क्वीन क्रिस्टिना'मध्येच पाहा. 1930मध्ये तिच्या पहिल्या बोलपटासाठी 'गार्बो बोलते' अशी जाहिरात केली होती, त्याच धर्तीवर ही.

पण प्रसंग थोर आहे. कामगारांच्या साध्या खानावळीत लेऑन तिला विनोद सांगतो. गिऱ्हाईक साय न घालता कॉफी मागतं. वेटर परत येऊन म्हणतो, साय संपली, दूध न घातलेली चालेल का? ती ढिम्म. मग लेऑन खुर्चीसकट कोसळतो, सगळी खानावळ हसते आणि तीही. पहिल्या प्रश्नातल्या मुलीला हेही सांगा : निनोच्का विरघळते ती शॅम्पेनच्या आधी, एक रुबाबदार माणूस जमिनीवर आपटलेला पाहून.

प्रश्न : याच धाटणीचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत?

'कॉम्रेड एक्स' (1940) हेडी लामारसाठी पाहा. ती त्यात मॉस्कोत ट्राम चालवते. कथा मात्र विसविशीत. 'सिल्क स्टॉकिंग्ज' (1957) म्हणजे 'निनोच्का'चंच संगीतमय रूप. सिड चॅरिसचं नृत्य अप्रतिम, पण उपहासाची धार बोथट झाली आहे.

प्रश्न : बिली वाइल्डरचा 'वन, टू, थ्री' सुरू केला, पण संवाद इतके वेगात की दमलो. पुढे पाहावा का?

जरूर पाहा. पश्चिम बर्लिनमधला कोका-कोलाचा अधिकारी, म्हणजे जेम्स कॅग्नी, मालकाच्या मुलीने गुपचूप लग्न केलेल्या पूर्व बर्लिनच्या कट्टर कम्युनिस्ट पोराला काही तासांत खानदानी जावई बनवतो. तो वेग कथेचाच भाग आहे, कारण मुलीचे आई-वडील विमानाने यायला निघालेत. टाचा आपटून सलाम ठोकणारा जर्मन मदतनीसही वाइल्डरच्या तावडीतून सुटत नाही.

चित्रीकरण चालू असतानाच, 13 ऑगस्ट 1961 रोजी, बर्लिनची सीमा बंद झाली आणि भिंत उभी राहू लागली. सीमेवरच्या ब्रांडेनबुर्ग वेशीची प्रतिकृती मग म्युनिकमध्ये उभारावी लागली. डिसेंबरमध्ये चित्रपट लागला तेव्हा जर्मन प्रेक्षकांनी पाठ फिरवली. आप्त भिंतीपलीकडे अडकलेल्या माणसांना हसू कुठून येणार? 1985मध्ये पश्चिम जर्मनीत तो पुन्हा लागला आणि तुफान चालला.

सबटायटल्स लावा, आणि एका बैठकीत पाहा. मध्ये थांबलात तर लय तुटते.